चार पावसाळे पाहिलेलं घर: मॉडेल रेल्वेसाठी कोकणातला देखावा

दिवाळीत किल्ला केला असेल, तर या छंदातली निम्मी कामं तुमच्या हातांना आधीच माहीत आहेत. दगडविटांवर चिखलात भिजवलेलं गोणपाट टाकायचं, बोटांनी कडेकपारी काढायच्या, अळीव पेरायचे आणि चार दिवसांनी डोंगर हिरवा झालेला बघायचा. मॉडेल रेल्वेचा देखावा याच जातीचा. फरक दोनच. किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा असला तरी चालतं, इथे प्रत्येक वस्तू एकाच मापात लागते. आणि किल्ला दिवाळी सरली की मोडतो, हा देखावा मात्र वर्षानुवर्षं टिकवायचा असतो.

ज्यांच्या घरी गाडी आणि रूळ आले आहेत, लंबगोल मांडून गाडी फिरवूनही झाली आहे आणि आता त्या रुळाला गाव हवं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एकदम पूर्ण टेबल करायला घेऊ नका. ६० बाय ३० सेंटीमीटरची, १२ मिलिमीटर जाडीची प्लायची एक फळी घ्या. तिच्यावर एक सरळ रूळ, एका बाजूला जांभ्यातून, म्हणजे कोकणातल्या लाल, सच्छिद्र दगडातून, कापलेलं कटिंग (रुळासाठी डोंगर कापून तयार झालेली दरड) आणि कटिंगच्या वर, रेल्वे यायच्या आधीपासून उभं असलेलं एक कौलारू घर. एवढंच. जागा कोकण रेल्वेवरची, रत्नागिरीच्या आसपासची धरू. कोकण निवडायचं कारण सरळ आहे: वस्तू जुनी दिसायला काय काय घडावं लागतं ते तिथे सगळ्यात लवकर आणि सगळ्यात स्पष्ट दिसतं. चुन्याची पांढरीशुभ्र भिंत दोन पावसाळ्यांत रंग बदलते.

आधी साल, मग महिना, मग दिशा

रंगाची बाटली उघडण्याआधी हे तीन निर्णय घ्या. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा पूर्ण मार्ग जानेवारी १९९८मध्ये खुला झाला, आणि विद्युतीकरण टप्प्याटप्प्याने होत २०२२मध्ये पूर्ण झालं. त्यामुळे २००५च्या आसपासचं दृश्य केलंत तर डिझेल इंजिन शोभेल आणि डोक्यावरच्या तारा, खांब करावे लागणार नाहीत. पहिल्या फळीसाठी मी हाच काळ सुचवेन.

महिन्याचं महत्त्व सालाहून जास्त. जुलैत सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, हिरवागार असतो, नोव्हेंबरात त्यावरचं गवत सोनेरी होतं, मे महिन्यात उरतो काळपट, तापलेला कातळ. या तिन्ही ऋतूंची हिरवळ एकाच फळीवर आली, की प्रत्येक झाड सुंदर असूनही चित्र खोटं दिसतं. मी ऑक्टोबरअखेर घेतो. शेवाळ अजून जिवंत असतं, गवताचे शेंडे पिवळे पडू लागलेले असतात, वाट सुकलेली असते.

दिशा मात्र बहुतेक जण ठरवतच नाहीत. फळीच्या मागे पेन्सिलने ‘पश्चिम’ असं लिहून बाण काढा. कोकणात पाऊस समुद्राकडून, नैऋत्येकडून झोडपतो. कुठली भिंत काळी पडणार, कुठला उतार कोरडा राहणार, शेवाळ कुठे धरणार, हे सगळं त्या एका बाणावर ठरणार आहे.

माप

एचओ हे सर्वांत जास्त चालणारं माप, म्हणजे १:८७. खऱ्या जगातला एक मीटर तुमच्या फळीवर साडेअकरा मिलिमीटर होतो. हा आकडा कामाच्या टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवा. मध्यम उंचीचा माणूस १९ मिलिमीटर, २.१ मीटरचं दार २४ मिलिमीटर, आणि १८ मीटरचा माड तब्बल २० सेंटीमीटर! नवशिक्यांचे माड हटकून बुटके होतात, कारण घराशेजारी २० सेंटीमीटरचं झाड उभं करायला हात धजत नाही. धजू द्या. कोकणात माड घराच्या कितीतरी वर जातो.

एक तडजोड पत्करावी लागते. आपल्या ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटरचं, म्हणजे १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर. बाजारात मिळणारा एचओ रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजवरून आला आहे. काही जण सव्वाएकोणीसचा रूळ हाताने घडवतात. पहिल्या फळीवर त्या वाटेला जाऊ नका. रुळाशेजारचं सगळं योग्य मापात असलं की ही तूट डोळ्यांना सहज पचते.

डोंगर आणि कटिंग

डोंगरासाठी फ्रीज किंवा टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल वापरा. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे, आणि खोक्यातला तुकडा तसाही कचऱ्यात जाणार असतो. थर एकमेकांवर फेव्हिकॉलने चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. सॉल्व्हंटचा वास येणारा कुठलाही डिंक किंवा स्प्रे रंग उघड्या थर्माकोलला लावू नका, थर्माकोल विरघळून खड्डा पडतो.

कटिंगचा पायथा रुळाच्या मध्यापासून निदान ४ सेंटीमीटर दूर ठेवा. डब्याची रुंदी साधारण ३७ मिलिमीटर भरते, म्हणजे मध्यापासून १९ मिलिमीटर तर डबाच व्यापतो. उरलेल्या जागेत खडीचा उतार आणि गटार यायचं आहे. उंची ९ सेंटीमीटर घेतलीत तर ते साधारण ८ मीटरचं कटिंग होईल.

आता जांभ्याकडे नीट बघा. प्रत्यक्ष जाता आलं तर उत्तम. फोटो फलाटावरून, पुलावरून किंवा गाडीच्या खिडकीतून काढा, रुळात उतरू नका. कटिंगमध्ये वरचा थर कडक, काळपट, खडबडीत असतो. त्याखाली भोकाभोकांचा लालसर जांभा. आणखी खाली कित्येक ठिकाणी पिवळट, पांढुरकी, मधूनच गुलाबी झाक असलेली मऊ माती. ही मातीच पावसात फुगते आणि सरकते. म्हणून कोकण रेल्वेवर अनेक कटिंगचे उतार नंतर सौम्य केले गेले, त्यांना पायऱ्यांसारखे टप्पे पाडले, दरडीवर जाळ्या बसवल्या. तुमच्या कटिंगलाही मध्यावर एक टप्पा द्या, साधारण १५ मिलिमीटर रुंद. उभी, भिंतीसारखी कापलेली दरड करण्याचा मोह टाळा.

थर्माकोलला असा आकार दिल्यावर त्यावर सर्जिकल दुकानात मिळणारं प्लास्टरचं बँडेज पाण्यात बुडवून पसरा. ते वाळलं की प्लास्टर ऑफ पॅरिसचा चार-पाच मिलिमीटरचा थर द्या. प्लास्टर ढवळताना तोंडाला रुमाल किंवा मास्क हवा. वीसेक मिनिटांत ते खरवसासारखं होतं. नेमक्या त्या वेळी जुन्या टूथब्रशने टोचत सुटा. वरचा थर चुरगळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने दाबा, मधला ब्रशने सच्छिद्र करा, तळाची माती बोटाने गुळगुळीत ठेवा. घट्ट झाल्यावर टोचलंत तर टवके उडतात, आधी टोचलंत तर भोकं बुजतात.

रंगासाठी गेरूसारखी वस्तू नाही. आधी पूर्ण दरडीला फिकट पिवळ्या मातीच्या रंगाचा हात द्या. मग गेरू पाण्यात अगदी पातळ करून, चमचाभर फेव्हिकॉल घालून, वरून खाली सोडा; तो आपोआप भोकांत उतरतो आणि उंचवट्यांवर फिका राहतो. ताजा कापलेला जांभा उजळ असतो, हवा-पाणी लागून तो कडक आणि गडद होत जातो. म्हणून वरच्या कडक थरावर तपकिरी-काळ्या पाण्याचा आणखी एक हात. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट नारिंगी रंग नुसत्या कडांवरून ओढा.

दरडीच्या एका भागावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून चिकटवा आणि करड्या रंगाने पुसा. जाळीचं एक भोक मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचं, म्हणजे खऱ्या मापात दहा सेंटीमीटरचं. दरडीवरच्या जाळीचा भास अगदी नेमका होतो.

खडी आणि रूळ

रेल्वेची खडी २० ते ६५ मिलिमीटरची असते. आपल्या मापात सर्वांत मोठा खडा पाऊण मिलिमीटरचा. बाजारातली ‘मॉडेल खडी’ बहुधा याहून जाड असते. मी बांधकामावरची क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणतो, पाच-सहा पाण्यांत धुतो, वाळवतो, आधी रव्याच्या चाळणीतून चाळतो आणि मग मैद्याच्या. मैद्याच्या चाळणीत वर उरते ती खडी. आपल्याकडची क्रश सँड बहुतेक काळ्या बेसाल्टची असते, त्यामुळे रंग जवळजवळ तयारच मिळतो. पण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. चाळलेल्या खडीतून लोहचुंबक चार-पाच वेळा फिरवा आणि चिकटेल ते बाजूला काढा. हे टाळलंत तर तेच कण इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन बसतात. माझं एक इंजिन असं अडकलं तेव्हा ते उघडून दाताच्या काडीने कण काढत मी अख्खी संध्याकाळ घालवली होती.

खडी टाकण्याआधी रूळ रंगवा. कोकण रेल्वेचे स्लीपर काँक्रीटचे, फिकट करडे. विकतच्या रुळाचे स्लीपर बहुधा लाकडी तपकिरी असतात, ते करडे करा. रुळाच्या कुशींना गंजाचा गडद तपकिरी रंग द्या आणि माथा लगेच पुसून चकचकीत ठेवा. मग खडी मऊ ब्रशने पसरा, स्लीपरच्या माथ्यावर एकही खडा राहू देऊ नका. भांड्याच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी स्प्रेने तुषारासारखं मारा, आणि एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी असं मिश्रण ड्रॉपरने कडेकडेने सोडा. साबण विसरलात तर डिंकाचे गोळे होऊन खडीच वाहून जाते. एरवी एका दिवसात वाळतं, पावसाळ्यात तीन दिवस द्या.

घर

घराला सर्वांत जास्त वेळ द्या. बाइंडिंगवाल्याकडचा दीड मिलिमीटरचा पुठ्ठा पुरतो. घर ७ बाय ५ मीटरचं, म्हणजे ८० बाय ५७ मिलिमीटर. जोतं ५ मिलिमीटर उंच, भिंत ३१. समोर पडवी. दर्शनी भिंत गिलावा केलेली, चुना दिलेली ठेवा, बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर उघडे चिरे, म्हणजे जांभ्याचे ठोकळे, दाखवा. अशी घरं कोकणात गावोगाव दिसतात. चिऱ्यांसाठी संपलेल्या रिफिलने पुठ्ठ्यावर दाबून आडव्या रेघा काढा, २ मिलिमीटर अंतरावर, आणि उभे सांधे सव्वाचार-साडेचार मिलिमीटरवर, एकाआड एक थरात सरकवलेले. सगळे चिरे रंगवून झाले की दहातला एखादा किंचित वेगळ्या छटेचा करा.

छपराचा उतार ३० अंशांच्या आसपास ठेवा, आणि वळचण भिंतीच्या बाहेर ८-९ मिलिमीटर येऊ द्या. पावसाच्या मुलखात वळचण आखूड ठेवून कोणी घर बांधत नाही.

मंगलोरी कौलांसाठी जाडसर कार्डशीट घ्या, तिच्यावर रिफिलनेच अडीच मिलिमीटर अंतराने उभ्या रेघा दाबा, मग ६ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा. वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे चढत जा. प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर अशी बसवा, की खालचीचा पावणेचार मिलिमीटर भाग उघडा राहील. पट्टीच्या खालच्या कडेवर एखाद्या कौलाचा कोपरा किंचित उचला, एखादं अर्ध्या मिलिमीटरने सरकवा. एका कौलाच्या जागी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा लावा: स्वयंपाकघरात उजेड आणणारं काचेचं कौल. बघणारा कोकणातला असेल तर त्याची नजर तिथेच थांबते.

पावसाळे कसे लावायचे

इंग्रजीत याला वेदरिंग म्हणतात. मी ‘पावसाळे लावणं’ म्हणतो, कारण काम तेच आहे. नवशिकी मंडळी बहुधा काळा रंग पातळ करून सगळ्या घराला सारखा फासतात. घर जुनं दिसत नाही, नुसतं मळलेलं दिसतं. ब्रश टेकवण्याआधी प्रत्येक जागेला तीन प्रश्न विचारा: इथे पाणी कुठून येतं, कुठल्या वाटेने वाहतं, आणि कुठे थांबतं? डाग वाहत्या पाण्याच्या वाटेवर लांबट येतो, थांबल्या जागी गोल आणि गडद.

जोत्यापासून सुरू करा. पागोळ्या अंगणात पडतात तिथे लाल मातीचे शिंतोडे भिंतीवर उडतात. म्हणून भिंतीच्या तळाशी ४-५ मिलिमीटरचा गेरूचा पट्टा येतो, खाली दाट आणि वर विरत जाणारा. टूथब्रश गेरूत बुडवून अंगठ्याने शिंतोडे उडवलेत तर तो ब्रशने ओढलेल्या पट्ट्यापेक्षा खरा उतरतो. पागोळ्यांच्या ओळीखाली, घराच्या कडेने जमिनीत एक बारीक चर कोरा आणि त्यात खडीचे चार कण टाका. पाण्याने माती नेलेली असते, खडे उरतात.

खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांखाली लांबट काळसर ओघळ. त्यासाठी निव्वळ काळा घेऊ नका. गडद तपकिरीत थोडा हिरवा मिसळा, कारण भिंतीवरचा तो काळेपणा बराचसा वाळलेल्या शेवाळाचा असतो. ओघळ वरून खाली एकदाच ओढा, लगेच स्वच्छ ओल्या ब्रशने कडा विरघळवा.

पश्चिमेची भिंत सर्वांत काळी. पण तिथेही कोकणी माणसाने काहीतरी केलेलं असतं: पावसाळ्यात त्या बाजूला माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधलेली असतात. झापांमागचा भाग उजळ राहतो, त्याच्या वरचा आणि बाजूचा काळवंडतो. मी त्या भिंतीवर एक उजळ चौकोन सोडतो आणि ऑक्टोबर असल्यामुळे उतरवलेली वाळकी झापं मागच्या दारी टेकवून ठेवतो. हा उजळ चौकोन कशाचा, हे ओळखणारे लोक भेटतात तेव्हा मला फार आनंद होतो.

छपराला आधी विटकरी रंग, त्यावर तपकिरी-काळं पाणी, जे पट्ट्यांच्या सांध्यात उतरेल. शेवाळ उत्तरेच्या उतारावर आणि झाडाच्या सावलीत द्या, दक्षिणेला फार थोडं. आंब्याची फांदी जिथे छपरावर येते तिथे हिरवा दाट, आणि पानांचा थोडा कचरा वळचणीच्या पन्हळीत. मग शाकारणी आठवा. दरवर्षी पावसाआधी फुटकी कौलं बदलली जातात, म्हणून काळ्या छपरात तीन-चार कौलं चक्क नवी, नारिंगी हवीत. त्यांना काळं पाणी लावू नका.

धुळीसाठी महागड्या पावडरी नकोत. सॉफ्ट पेस्टलची कांडी पॉलिश पेपरवर घासा, झाली पावडर. ऑइल पेस्टल चालत नाहीत. पावडर मऊ ब्रशने टिपा आणि मॅट व्हार्निशचा हलका फवारा मारा. फवाऱ्याखाली पावडर निम्मी फिकी पडते, तेव्हा सुरुवातीला थोडी जास्तच घ्या. व्हार्निशचा स्प्रे मारायचा तर घर फळीवर बसवण्याआधीच, मोकळ्या हवेत.

हिरवळ

माडासाठी बाइंडिंग वायरच्या चार-पाच तारांची जुडी, तिच्यावर कागदाची पट्टी गुंडाळून फेव्हिकॉल. खोड थोडं वाकवा. झावळी साधारण ५ मीटरची, म्हणजे ६ सेंटीमीटर. हिरव्या कागदाच्या लांबट पानाला कडेने बारीक कात्र्या द्या. पंचवीसेक झावळ्या लागतात: वरच्या उभ्या, मधल्या आडव्या, खालच्या दोन-तीन वाळक्या आणि लोंबत्या. वाळक्या झावळ्या विसरलात तर माड प्लास्टिकचा वाटतो.

आंब्यासाठी वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून फांद्या करा. जुन्या गादीचा फोम मिक्सरमध्ये पाण्याबरोबर बारीक करून, रंगवून, वाळवून पानांसाठी वापरा. मिक्सर स्वयंपाकाचा नको. गवताला सुतळीचे तीन-चार मिलिमीटरचे तुकडे उत्तम. काही हिरवे, काही तसेच ठेवा आणि मिसळून टाका.

चहाचा चोथा, लाकडाचा भुसा, वाळकी पानं वापरायची असतील तर ओव्हनमध्ये किंवा कढईत मंद आचेवर कोरडी खणखणीत करून घ्या, आणि चिकटवायच्या पाण्यात चमचाभर डेटॉल घाला. मी एकदा अर्धवट वाळलेला चोथा वापरला होता. श्रावणापर्यंत अंगणावर खरी बुरशी आली आणि तो कोपरा पूर्ण खरवडावा लागला.

फळी उजेडात

सगळं वाळल्यावर फळी डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. ते बघायला गेलात तर तिथेही थोडं वाकून, रुळाच्या पातळीवरून बघा. वरून पाहिलेला देखावा नकाशासारखा वाटतो, समोरून पाहिला की जागा वाटू लागते.

आता खोलीतले दिवे बंद करा आणि पेन्सिलच्या बाणाच्या बाजूने, पश्चिमेकडून, टेबललॅम्प लावा. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात वळचणीची सावली भिंतीवर पडते आणि राहिलेल्या चुका दिसतात: चिरे फार सारखे, एखादा ओघळ वाकडा, पांढरा राहिलेला थर्माकोलचा कण. त्या दुरुस्त करा. मग इंजिन अगदी सावकाश कटिंगमधून न्या आणि कान देऊन ऐका. खडखड आली तर खडीचा कण रुळावर आहे. डबा आंब्याच्या फांदीला घासला तर फांदी छाटा. खऱ्या मार्गावरही पावसाआधी तेच करतात.